उभयचर हलके विमान : रचना आणि कसोटी

जयपूर शहरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. जे विमान पाण्यावरून उडते व पाण्यावर उतरते, त्याच्या अभ्यासास अशा ठिकाणापासून आरंभ करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु राजस्थानात पाणी दुर्मिळ असल्यामुळेच ते अडवून साठविण्याची परंपरा तेथे फार जुनी आहे. जयपूरच्या उत्तरेस आमेरच्या वाटेवर, डोंगरांच्या कुशीत मानसागर हा तलाव असून त्याच्या पाण्यात जलमहाल उभा आहे. शहरापासून थोड्या अंतरावर जमवा रामगढ येथे बाणगंगा नदीवर बांधलेले धरण आहे. पश्चिमेस सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर सांभर हे विस्तीर्ण खारे सरोवर पसरलेले आहे.

या तिन्ही जलाशयांचे स्वभाव भिन्न आहेत. पहिला लहान व डोंगरांनी वेढलेला, दुसरा आटून जाणारा, तिसरा उथळ व खारट. पाणी आणि जमीन या दोहोंवर चालणाऱ्या विमानाची आखणी करताना अभियंत्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी बहुतेक या तीन ठिकाणी एकत्र सापडतात. यास्तव प्रथम अशा विमानाची घडण समजून घेऊ आणि नंतर ते या तीन जलाशयांवर नेले असता काय होईल, याचा केवळ कल्पनेने विचार करू.

जलविमान, उडती नौका आणि उभयचर

पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. साध्या विमानाची चाके काढून त्या जागी दोन लांबट, पोकळ, हवाबंद पेट्या बसविल्या म्हणजे ते जलविमान होते. या पेट्यांना तरंगपेट्या म्हणू. दुसऱ्या वर्गात विमानाचा देहच नौकेसारखा घडविलेला असतो व तोच पाण्यात बसतो. यास उडती नौका असे नाव आहे. या दोहोंपैकी कोणत्याही प्रकारास आत-बाहेर करता येणारी चाके जोडली की ते बेडकाप्रमाणे उभयचर बनते.

९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीलगतच्या समुद्रावर जे लहान कोडियाक विमान प्रयोगादाखल उतरविण्यात आले, ते तरंगपेट्यांच्या वर्गातील होते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादचा साबरमती किनारा आणि केवडिया यांच्या दरम्यान जी सेवा सुरू झाली आणि पुढील वर्षी थांबली, तिच्यातील ट्विन ऑटर विमानही त्याच वर्गातील होते.

राजस्थानने मात्र खऱ्या उडत्या नौका पाहिल्या आहेत. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या चार एंजिनांच्या उडत्या नौका कराचीहून पूर्वेकडे जाताना मेवाडातील राजसमंद सरोवरावर उतरत आणि पुढे ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असा मार्ग आक्रमीत. सतराव्या शतकात महाराणा राजसिंह यांनी दुष्काळाच्या काळात बांधविलेले हे सरोवर अशा रीतीने जागतिक हवाई मार्गावरील एक थांबा झाले. परंतु त्या नौकांना जमिनीवर उतरण्याजोगी चाके नव्हती. त्यांचा सारा प्रवास सरोवराकडून सरोवराकडे असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगभर पक्क्या धावपट्ट्या झाल्या आणि केवळ पाण्यावर अवलंबून असणाऱ्या या विमानांचे महत्त्व झपाट्याने ओसरले.

पाणी विमानास सहज सोडत नाही

२८ मार्च १९१० रोजी हेन्री फाब्र या फ्रेंच अभियंत्याने मार्सेयजवळील एका खाडीसरोवरावरून स्वतःच्या शक्तीने उड्डाण केले. पाण्यावरून झालेले ते पहिले यशस्वी विमानोड्डाण होय. पुढील वर्षी अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी आपल्या जलविमानास वर उचलता येणारी चाके जोडली आणि पहिले उभयचर विमान सिद्ध केले. जमीन, पाणी व आकाश या तिन्ही ठिकाणी चालणारे म्हणून त्यांनी त्यास ‘त्रयी’ या अर्थाचे नाव दिले.

१९१२ मध्ये कर्टिस यांनी उडती नौका बांधली, तेव्हा त्यांना एक अनपेक्षित अडचण आली. नौका पाण्यावर वेगाने धावे, परंतु पाण्यापासून सुटून वर उठेना. याचे कारण घरच्या घरी पाहता येते. नळाची बारीक धार सोडून तिच्याजवळ एक चमचा सैल धरावा आणि त्याची फुगीर बाजू हळूच धारेस लावावी. चमचा धारेपासून दूर ढकलला जाईल असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात तो धारेकडे ओढला जातो. वाहते पाणी गोलाईस चिकटून वळते आणि त्या पृष्ठभागास आपल्याकडे खेचते. नौकेच्या मागील बाजूचे वर वळलेले बूड असेच पाण्याकडे ओढले जात होते.

कर्टिस यांनी यावर योजलेला उपाय आजही प्रत्येक उडत्या नौकेत आढळतो. बुडाच्या मध्याजवळ त्यांनी एक आडवी पायरी पाडली. पायरीच्या कडेशी पाण्याचा प्रवाह तुटतो, तेथे हवा शिरते आणि मागील बूड पाण्यापासून मोकळे होते. वेग वाढल्यावर विमान पायरीच्या पुढील भागावर उभे राहून, सपाट दगड तळ्यावर भाकऱ्या काढीत जावा तसे पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाते.

या अवस्थेपर्यंत पोहोचणे हीच खरी चढण होय. आरंभी विमान पाणी कापीत जाते आणि वेगाबरोबर पाण्याचा रोध वाढत जातो. एका वेगास तो पराकाष्ठेला पोहोचतो. विमान पायरीवर आले की तो पुन्हा कमी होतो. एंजिनाची ओढ या शिखराहून पुरेशी अधिक नसेल, तर विमान सबंध तलावभर फेस उडवीत धावेल, पण उडणार नाही.

बुडाचा आडवा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. बूड सपाट असते तर विमान लवकर पायरीवर आले असते, परंतु प्रत्येक लाट हातोड्यासारखी आदळली असती. छेद फार खोल केल्यास धक्के कमी होतात, पण रोध वाढतो. बुडाच्या दोन्ही कडा धारदार ठेवतात. त्यायोगे उडणारे पाणी बाजूस फेकले जाते व पंख्यापर्यंत पोहोचत नाही. वेगाने फिरणाऱ्या पंख्यास पाण्याचे थेंब खडीसारखे लागतात आणि त्याच्या कडा झिजवितात.

एंजिन कोठे ठेवावे?

पंख्यास तुषारांपासून वाचवावयाचे तर तो उंच हवा. म्हणून अनेक हलक्या उभयचर विमानांत एंजिन बैठकीच्या मागे, उंचावर बसवितात आणि पंखा मागून ढकलतो. यामुळे एक प्रश्न सुटतो, पण दुसरा निर्माण होतो. पंख्याची ढकल विमानाच्या गुरुत्वमध्याच्या वरून लागू होते. उंच कपाटास वरच्या टोकाशी ढकलल्यास ते पुढे कलते, त्याचप्रमाणे एंजिनाचा जोर वाढविताच अशा विमानाचे नाक खाली जाऊ पाहते. साध्या विमानाच्या वैमानिकास याची सवय नसते. शेपटाचे आडवे पृष्ठ पंख्याच्या झोतात ठेवून हा परिणाम सौम्य करता येतो, सर्वस्वी नाहीसा करता येत नाही.

तिसरा प्रश्न तोलाचा होय. एकाच अरुंद देहावर तरंगणारे विमान होडीप्रमाणे बाजूस कलंडू शकते. त्यावर पंखांच्या टोकांशी लहान तरंगपेट्या लावणे हा एक उपाय आहे. जर्मन रचनाकार क्लाउड डोर्नियर यांनी १९२२ साली प्रथम उडालेल्या ‘वाल’ या विमानात दुसरा मार्ग स्वीकारला. त्यांनी देहाच्या दोन्ही बाजूंस पाण्यालगत आखूड, जाड पंखोटे काढले. ते तोल सांभाळतात आणि विमानात चढण्या-उतरण्यास पायरीचेही काम देतात.

चाकांची चूक

उभयचर विमानाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची चाके, आणि त्याचा सर्वांत मोठा धोकाही चाकांतच दडलेला आहे.

समुद्रसपाटीवरील हवेपेक्षा पाणी सुमारे ८०० पटींनी घन आहे. चाके बाहेर काढलेली असताना विमान पाण्यावर उतरले, तर पाणी प्रथम चाकांस अडविते. हा अडथळा गुरुत्वमध्याच्या खाली असतो आणि वरचा सारा भार पुढे जाऊ पाहतो. परिणामी नाक पाण्यात घुसते व विमान क्षणार्धात उलटे होते. आतील माणसे डोके खाली, पाण्याखाली, पट्ट्यांनी बांधलेली अशा स्थितीत सापडतात. उलटपक्षी, चाके आत ठेवूनच विमान धावपट्टीवर टेकले, तर बूड खरवडून निघते, परंतु माणसे बहुधा सुखरूप बाहेर पडतात. विसर दोन्हीकडे सारखाच असतो, त्याचे फळ मात्र सारखे नसते.

यात सवयीचा भाग मोठा आहे. चाके मिटणारे विमान चालविण्यास जो जमिनीवर शिकला, त्याच्या मनावर ‘उतरण्यापूर्वी चाके बाहेर’ हा नियम पक्का बिंबविलेला असतो. धावपट्टीवर जी सवय त्याचा जीव वाचविते, तीच तलावावर त्याचा घात करू शकते. म्हणून उभयचर विमानाच्या वैमानिकास उतरण्यापूर्वी मोठ्याने उच्चारण्यास शिकविले जाते : ‘पाण्यावर उतरत आहे, चाके आत आहेत’ किंवा ‘धावपट्टीवर उतरत आहे, चाके बाहेर आहेत’. रचनाकारही आपल्या परीने साह्य करतो. चाकांची स्थिती दाखविणारे दिवे, ती प्रत्यक्ष दिसावी म्हणून लावलेला आरसा, सूचना देणारा ध्वनी, अशा साधनांचा हेतू एकच की, जे विसरणे प्राणघातक आहे ते नजरेआड राहू नये.

एक नवी रचना

अलीकडील हलक्या उभयचर विमानांपैकी अमेरिकेतील ‘आयकॉन ए-५’ हे अभ्यासास उपयुक्त आहे. त्याचे पहिले उड्डाण जुलै २००८ मध्ये झाले. हे विमान दोन आसनांचे असून त्यात १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स एंजिन मागून ढकलणाऱ्या पंख्यास फिरविते. देहाच्या बाजूंस डोर्नियर यांच्या पद्धतीचे पंखोटे आहेत. पंख मिटून ते गाडीमागे ओढून नेता येते. देह कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा असल्याने बुडास हवे तसे वळण देता येते आणि पाणी झिरपण्यास रिव्हेटांची छिद्रे राहत नाहीत.

त्याच्या पंखांची घडण विशेष लक्ष देण्याजोगी आहे. विमानाचे नाक फार वर उचलले आणि वेग कमी झाला, तर पंखावरून वाहणारी हवा सुटते व उचल ढासळते. एका पंखाची उचल दुसऱ्याच्या आधी ढासळली तर विमान गिरक्या घेत कोसळते. ए-५ च्या पंखाची पुढील कड जागोजाग निराळ्या आकाराची ठेवलेली आहे. त्यामुळे पंखाचा आतील भाग आधी निकामी होतो, पण बाहेरील भाग काम करीत राहतो आणि गिरकी टळते. हवा पंखास कोणत्या कोनात भिडत आहे, हे दाखविणारे यंत्रही वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच बसविलेले आहे.

या साऱ्या सोयींना वजन द्यावे लागते. अमेरिकेत हलक्या क्रीडाविमानांसाठी २००४ पासून असलेल्या नियमांत पाण्यावरील विमानाची वजनमर्यादा सुमारे ६५० किलोग्रॅम होती. गिरकी टाळणाऱ्या रचनेसाठी अधिक वजन लागते, या कारणाने ए-५ ला २०१३ मध्ये त्या मर्यादेतून सवलत मिळाली. उड्डाणसमयीचे त्याचे कमाल वजन सुमारे ६८५ किलोग्रॅम आणि रिकामे वजन सुमारे ४९० किलोग्रॅम आहे. उरले १९५ किलोग्रॅम. इंधनाची टाकी पूर्ण भरल्यास त्यांतील सुमारे ५५ किलोग्रॅम खर्ची पडतात. राहिलेल्या १४० किलोग्रॅमांत दोन माणसे व त्यांचे सामान बसवावयाचे असते. दोघेही धिप्पाड असतील तर इंधन कमी घ्यावे लागेल. चाके, ती मिटविणारी यंत्रणा, भक्कम बूड आणि पंखोटे यांची किंमत अशी प्रत्येक उड्डाणात चुकती करावी लागते.

रचनेने काय साधते आणि काय साधत नाही, हे एका दुःखद घटनेवरून कळते. या विमानाचे प्रमुख रचनाकार जॉन कारको ८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील बेरिएसा सरोवराजवळ हेच विमान चालवीत होते. कमी उंचीवरून जाताना ते उंच कडांच्या एका दरीत शिरले. तेथून वर निघण्यास किंवा वळण्यास जागा उरली नाही आणि अपघातात त्यांचा व त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. विमान गिरकीत सापडले नव्हते. पंखांची घडण वैमानिकास एका प्रकारच्या चुकीपासून वाचवू शकते. समोरचा डोंगर ओलांडण्याइतकी शक्ती मात्र ती देऊ शकत नाही.

तीन जलाशयांची कसोटी

आता असे विमान मनाने जयपूरला आणू.

मानसागराचे क्षेत्र सुमारे ३०० एकर, म्हणजे साधारण १.२ चौरस किलोमीटर आहे. तो चौरस कल्पिल्यास त्याची बाजू ११०० मीटर भरेल. समुद्रकाठी थंड दिवशी एखादे विमान ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेग येताच उडते असे धरू. ढकल २ एकके, पाण्याचा सरासरी रोध १ एकक आणि उरलेल्या १ एककाने मिळणारे प्रवेगमान सेकंदास १ मीटर प्रतिसेकंद असेल, तर त्यास २०० मीटर धाव लागेल.

जयपूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला असता तेथील हवा समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेहून सुमारे १२ टक्के विरळ असते. विरळ हवेत तेवढीच उचल मिळण्यास वेग सुमारे ७ टक्के अधिक, म्हणजे सेकंदास २१.४ मीटर हवा. एंजिनास व पंख्यासही हवा कमी मिळते. ढकल २ वरून १.७६ वर येते. पाणी मात्र विरळ झालेले नाही, त्याचा रोध १ एककच राहतो. उरते ०.७६ एकक. या आकड्यांनी धाव मांडली तर ती ३०० मीटर होते. हवा १२ टक्के विरळ झाली आणि धाव दीडपट झाली. तलाव अद्याप पुरेसा आहे असे वाटेल. परंतु मध्ये जलमहाल आहे, सभोवती डोंगर आहेत आणि विरळ हवेत चढही मंदावतो. उतरण्यास पुरेसा असलेला तलाव उडण्यास पुरेसा असतोच असे नाही.

सांभर सरोवराचे क्षेत्र दोनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथे धाव घेण्यास जागेची वाण नाही, पण खोलीची आहे. ६८५ किलोग्रॅमांचे विमान तेवढ्याच वजनाचे, म्हणजे गोड्या पाण्यात ६८५ लिटर पाणी बाजूस सारते. बुडाचे क्षेत्र ४ चौरस मीटर व ते सपाट धरले, तर ते सरासरी १७ सेंटिमीटर बुडेल. ‘व्ही’ आकाराच्या बुडाचा तळ याहून खोल जाईल. सांभरचे पाणी उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी वीतभरच उरते. तेथे पायरी चिखलात रुतेल.

दुसरा प्रश्न क्षारांचा. कार्बन तंतू गंजत नाहीत, परंतु कार्बन वीजवाहक आहे. त्यास ॲल्युमिनियमचा खिळा वा पट्टी भिडलेली असेल आणि मध्ये खारे पाणी शिरले, तर प्रयोगशाळेतील विद्युत्घटासारखाच एक घट तयार होतो व त्यात ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून अशा सांध्यांत काचतंतूंचा विलग थर घालतात आणि खाऱ्या पाण्यावरून परतलेले विमान दर वेळी गोड्या पाण्याने धुतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे पाणी ज्यांनी चाखले असेल, त्यांस या खबरदारीचे कारण वेगळे सांगावयास नको. शिवाय सांभर हे १९९० पासून रामसर करारान्वये नोंदलेले पाणथळ क्षेत्र आहे. रोहितासारख्या पक्ष्यांचे थवे जेथे उतरतात तेथे विमान नेणे पक्ष्यांस आणि वैमानिकास, दोघांसही हानिकारक ठरेल.

राहिले रामगढ. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच सरोवरावर झाल्या होत्या. सरळ, लांब आणि खोल अशा पाण्याची त्याहून मोठी साक्ष कोणती? पुढे मात्र त्याकडे येणारे पाणी घटत गेले आणि अनेक वर्षे त्याचा तळ कोरडा राहिला. येथे एखादी उडती नौका येती तर तिला उतरण्यास जागाच मिळती ना. उभयचर विमान मात्र चाके बाहेर काढून धावपट्टीकडे वळू शकते. ज्या चाकांच्या वजनापायी एवढे सामान मागे ठेवावे लागले आणि ज्यांच्या विसरामुळे प्राणावर बेतते, ती चाके बाळगण्याचे प्रयोजन रामगढचा हा कोरडा तळ स्पष्ट करतो.

उभयचर विमानाची रचना म्हणजे अशा देवघेवींचा हिशोब होय. पायरी विमानास पाण्यापासून सोडविते, पण हवेत रोध वाढविते. उंच पंखा तुषारांपासून वाचतो, पण नाक खाली दाबतो. चाके दोन जगांत प्रवेश देतात, पण दोन परस्परविरुद्ध नियम शिकावयास लावतात. उत्तम रचना यांपैकी कोणतीही देवघेव टाळू शकत नाही. जो धोका घडणीने दूर होतो तो ती दूर करते, आणि जो होत नाही तो वैमानिकाच्या डोळ्यांपुढे ठेवते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका विमानाचे वजन ६०० किलोग्रॅम असून बुडाचे क्षेत्र ३ चौरस मीटर आहे. बूड सपाट धरल्यास ते गोड्या पाण्यात किती सेंटिमीटर बुडेल? सांभरच्या पाण्यात ते अधिक बुडेल की कमी?

२. चमचा व नळाची धार यांचा प्रयोग करून पाहा. चमच्याच्या पाठीवर मध्यभागी आडवी पट्टी चिकटविल्यास काय फरक पडतो, ते नोंदवा.

३. वरील उदाहरणात पाण्याचा सरासरी रोध १ ऐवजी १.५ एकक असता तर उन्हाळ्यातील धाव थंड दिवसाच्या किती पट झाली असती?

४. चाकांच्या बाबतीतील विसर धावपट्टीपेक्षा पाण्यावर अधिक घातक का ठरतो, हे गुरुत्वमध्याच्या साहाय्याने आकृती काढून स्पष्ट करा.